भूमिपूजन आणि लोकार्पण यांच्या मधला काळ: हिंगोली जिल्ह्यातील नगरपालिकांच्या कामांचा आढावा

हिंगोली जिल्ह्यात पाच नागरी संस्था आहेत. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या तीन नगरपरिषदा, औंढा नागनाथ आणि सेनगाव या दोन नगरपंचायती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार भरली आणि त्यातली शहरी लोकसंख्या जेमतेम १५ टक्के निघाली. हिंगोली शहर ८५ हजारांचे, वसमत ६९ हजारांच्या आसपास, कळमनुरी पंचवीस हजारांच्या घरात. औंढा आणि सेनगाव त्या वेळी ग्रामपंचायती होत्या, त्यामुळे ती शहरांच्या हिशेबात धरलीच गेली नव्हती.

एवढ्या लहान शहरांच्या कारभाराची चर्चा मराठी नियतकालिकांत फारशी होत नाही. मुंबई-पुण्याच्या महापालिकांवर रकाने भरतात. हिंगोलीची बातमी मात्र बहुतेक दोनच वेळा येते, कामाचे भूमिपूजन होते तेव्हा आणि लोकार्पण होते तेव्हा. मधल्या काळात काम कुठवर आले, लोकार्पणानंतर ते कोण चालवते, त्याचे बिल कोण भरते, याची माहिती लोकांपर्यंत पोहोचत नाही. या शहरांविषयीचे बहुतेक वाद त्याच मधल्या काळातून निघाले आहेत, असे मला वाटते. म्हणून या लेखात आधी पार्श्वभूमी, मग चालू कामे, मग लोकसहभाग, त्यानंतर निर्णय आणि पैसा यांविषयीची मतमतांतरे आणि शेवटी हद्दीचा प्रश्न, या क्रमाने पाहिले आहे.

छावणीपासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत

हिंगोली हे निजामाच्या राज्यातले छावणीचे गाव. हैदराबाद कंटिंजंटची फौज इथे होती. रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे त्या काळातून आली आहेत. छावणीसाठी आखलेला भाग, त्याला लागून वाढलेली बाजारपेठ आणि नंतर रस्त्यारस्त्याने पसरलेल्या वसाहती, अशी शहराची घडण आहे. जागेच्या मालकीची कागदपत्रे गुंतागुंतीची असण्याचे एक कारण या इतिहासात आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांचे नगरपालिका कायदे वेगवेगळे होते. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाने ते एका चौकटीत आणले. आजही कारभार याच कायद्याने चालतो. त्याच्या वर्गवारीप्रमाणे एक लाखावर लोकसंख्या असलेली नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ वर्गात आणि त्याखालची ‘क’ वर्गात जाते. हिंगोली आणि वसमत ‘ब’ वर्गात, कळमनुरी ‘क’ वर्गात आहे.

पुढचा टप्पा ७४ व्या घटनादुरुस्तीचा. ती १ जून १९९३ पासून लागू झाली. नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय त्यांच्यासाठी नोंदवले गेले. विषय मिळाले, पण त्यांच्या जोडीला पैसा आणि माणसे त्या प्रमाणात आली नाहीत, ही तक्रार तेव्हापासून देशभर आहे.

हिंगोलीच्या बाबतीत १९९९ हे वर्ष वेगळे लक्षात ठेवावे लागते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, न्यायालये आणि त्यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांची कुटुंबे शहरात आली. त्याच वर्षी राज्यातल्या नगरपरिषदांची जकात रद्द झाली. शहरावरचा भार वाढला आणि स्वतःच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत गेला, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या. जकातीच्या बदल्यात राज्य सहायक अनुदान देते, पण त्यातला मोठा भाग पगारावर जातो.

हाती असलेली कामे

पाणी हा सगळ्यांत जुना विषय. हिंगोली शहराला पाणी सिद्धेश्वर धरणातून येते. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि तिच्या खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर, अशी ही जोडी आहे. येलदरीत साठा असेल आणि तिथून पाणी सुटले तर सिद्धेश्वर भरते. धरणे मुळात सिंचनासाठी बांधली गेली, त्यामुळे टंचाईच्या वर्षी पिण्याचे पाणी राखून ठेवण्याची मागणी आणि कालव्याच्या पाळीची मागणी समोरासमोर येतात.

धरणातले पाणी घरापर्यंत येण्याची वाट मात्र वीज, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यातून जाते. मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांत रोज नळ येत नाही. शहराचे भाग पाडलेले असतात आणि पाळीपाळीने एकेका भागाला पाणी सुटते. पहाटे व्हॉल्व्हमन लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातल्या चेंबरचे झाकण उचलतो, चावी फिरवतो आणि त्या गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू होतात. नळाला थेट मोटार लावू नये असा नियम आहे. पण शेजाऱ्याने लावल्यावर आपण लावली नाही तर आपल्या हौदात पाणी पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. रात्री वीज गेली की टाकी भरत नाही आणि एका भागाची पाळी चुकली की मागच्या सगळ्या भागांच्या पाळ्या पुढे सरकतात. नगरपालिकेच्या दारात येणाऱ्या तक्रारींतल्या पुष्कळशा इथे जन्म घेतात.

यावर दोन मते आहेत. एक मत क्षमता वाढवण्याचे: नवी जलवाहिनी टाकावी, जलशुद्धीकरण केंद्र मोठे करावे, उंच टाक्या बांधाव्यात. केंद्राची अमृत योजना २०१५ मध्ये आली तेव्हा ती मुख्यतः एक लाखावरच्या शहरांसाठी होती. परभणी, नांदेड त्यात बसली, हिंगोली बसली नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये सगळी नगरे पात्र ठरली, आणि एक लाखाखालच्या शहरांना प्रकल्पखर्चाचा निम्मा वाटा केंद्राकडून मिळू लागला. लहान शहरांच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे.

दुसरे मत असे की आधी गळती आणि वितरण पाहावे. कराडजवळच्या मलकापूरने २००८-०९ च्या सुमारास, नगरपंचायत असतानाच, मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले. जास्त वापराला चढा दर लावला, आणि पाण्याचा एकूण वापर आटोक्यात राहिला. हे उदाहरण राज्यभर सांगितले जाते. मात्र मलकापूरला कोयनेचे पाणी उशाशी आहे आणि हिंगोलीला पूर्णेच्या पावसाचा भरवसा नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा. तरीही मीटर आणि गळतीचा हिशेब या दोन गोष्टींना धरणाची गरज लागत नाही. या मुद्द्यावर दुसरे मत मला अधिक पटते.

पाण्याला चिकटून भुयारी गटाराचा प्रश्न येतो. हिंगोली शहराने गेल्या दशकात भुयारी गटार योजना हाती घेतली आणि तिच्यासाठी रस्ते खोदले गेले. नव्या डांबरी रस्त्यावर पुन्हा खोदकाम, बुजवलेल्या चराचा उंचवटा, पावसाळ्यात त्यातला चिखल, हे शहराने पुष्कळ सोसले. योजनेच्या बाजूने सांगण्यासारखे पक्के कारण आहे. शहराचा उतार कयाधू नदीकडे आहे, उघड्या नाल्यांतले सांडपाणी शेवटी नदीत जाते, आणि ही नदी पुढे अनेक गावांच्या शेजारून वाहत पैनगंगेला मिळते.

शंका आहे ती तांत्रिक. ज्या शहरात भुयारी गटार आहे किंवा होणार आहे तिथे माणशी रोज १३५ लिटर पाणी पुरवावे, असा केंद्राच्या तांत्रिक संस्थेचा मापदंड आहे. गटार नसलेल्या शहरासाठी तो ७० लिटरचा आहे. कारण साधे आहे. नळीतून पुरेसे पाणी वाहिले नाही तर घाण पुढे सरकत नाही, गाळ बसतो आणि चेंबर तुंबते. पाळीने पाणी मिळणाऱ्या शहरात गटाराची नळी टाकताना हा हिशेब आधी मांडावा लागतो. दुसरी अडचण घराच्या जोडणीची. नळी रस्त्यापर्यंत सरकारी पैशाने येते. अंगण किंवा ओटा फोडून ती संडास-न्हाणीपर्यंत नेण्याचा खर्च बहुधा घरमालकावर पडतो. परसात शौचालयाची टाकी आधीच असलेला माणूस हा खर्च कशाला करील? लहान शहरांतल्या अशा योजनांत जोडण्या मागे राहतात आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र अर्ध्या क्षमतेने चालते, हा राज्यातला सर्वसाधारण अनुभव आहे. हिंगोलीत किती घरे जोडली गेली आणि केंद्रात रोज किती पाणी येते, हे दोन आकडे नगरपालिकेने दर महिन्याला फलकावर लावले तरी अर्धा वाद मिटेल.

कचऱ्याच्या बाबतीत चित्र त्या मानाने बरे आहे. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानामुळे घंटागाडी गल्लोगल्ली पोहोचली. २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले आणि ओल्या कचऱ्यापासून झालेल्या खतासाठी राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव दिले. हळद आणि सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात खताला गिऱ्हाईक आहे. कोकणातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने वर्गीकरण नीट केले तर कचरा डेपोच्या जागी बाग उभी राहू शकते, हे दाखवून दिले. मराठवाड्यातल्या शहरांची अडचण सातत्याची आहे. शहरांच्या स्वच्छतेच्या सर्वेक्षणाच्या महिन्यांत भिंती रंगतात, गाड्यांवरचे भोंगे वाजू लागतात, आणि पथक येऊन गेल्यावर वर्गीकरण ढिले पडते. क्रमवारीच्या स्पर्धेने शहरे हलली, असे एक मत आहे. त्याच स्पर्धेने काम हंगामी झाले, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे.

घरकुलांची कथा कागदपत्रांपाशी अडते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. पण जागा नावावर हवी. जुन्या वस्त्यांत, सरकारी जमिनीवर पिढ्या काढलेल्यांकडे तो कागद नसतो. १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण राज्याने आणले, मात्र मोजणी, नकाशा आणि प्रस्ताव या वाटेने एकेक प्रकरण जायला वेळ लागतो. दुसऱ्या बाजूला जलेश्वर तलावाकाठची अतिक्रमणे आणि तलावाचे सुशोभीकरण हा हिंगोलीत वर्षानुवर्षे गाजलेला विषय आहे. तलाव मोकळा झाला पाहिजे यावर फारसे दुमत नाही. तिथून उठणारी कुटुंबे कुठे आणि कधी बसवायची, यावर आहे.

वसमत, कळमनुरी आणि औंढा

जिल्ह्याच्या ठिकाणावर बोलताना बाकीची शहरे मागे पडतात. वसमत ही बाजारपेठ. तिथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र तिथे उभे राहत आहे. उन्हाळ्यात हळदीचे ट्रॅक्टर आणि ट्रक शहरात शिरतात. रस्ते, वाहनतळ, हमालांसाठी पाणी आणि शौचालये ही बाजार समितीची जबाबदारी की नगरपरिषदेची, हा प्रश्न दर हंगामात नव्याने निघतो. कळमनुरीची अडचण लहान आकाराची आहे. ‘क’ वर्गामुळे अभियंत्यांची पदे थोडी, आणि मोठ्या योजनेचा आराखडा करायचा तर बाहेरच्या सल्लागारावर भिस्त.

औंढा नागनाथचे गणित सर्वांत अवघड आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे मानले जाणारे हे स्थान. महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे येतात. त्यांना पाणी, स्वच्छतागृहे, दिवाबत्ती पुरवायची नगरपंचायतीने, आणि अनुदान मात्र जनगणनेतल्या डोक्यांवर. मंदिराचे व्यवस्थापन वेगळ्या संस्थानाकडे असल्याने भाविकाच्या खर्चाचा कोणताही भाग थेट नगरपंचायतीच्या तिजोरीत येत नाही. त्यात आता औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींचे निरीक्षण करणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली आणि दशकाच्या अखेरीपर्यंत तो पुरा करायचे ठरले. शास्त्रज्ञ, कामगार, पाहुणे यांची वर्दळ वाढेल, भाड्याच्या खोल्या निघतील, बांधकाम परवान्यांचे अर्ज येतील. प्रयोगशाळेला आसपास जमिनीची कंपने नकोत, म्हणून अवजड वाहतूक आणि खाणकाम यांवर बंधने येणे स्वाभाविक आहे. या सगळ्याला तोंड देणारी संस्था काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होती.

लोकांचा हात

नगरपालिकेबाहेर शहराचा एक मोठा कारभार चालतो, तो लोक चालवतात. हिंगोलीचा दसरा हे त्याचे ठळक उदाहरण. खाकीबाबा मठाशी जोडलेली ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. रामलीला मैदानावर रामलीला, प्रदर्शन, पाळणे आणि शेवटी रावणदहन, असा तो उत्सव विदर्भातल्या लोकांनाही ओढून आणतो. अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी लाखोंची रांग लागते. या दिवसांत शहर कसे चालते ते पाहण्यासारखे असते. मंडळांचे स्वयंसेवक रांगा लावतात, कुणी पाण्याचे टँकर उभे करतो, फराळाचे स्टॉल निघतात, पोलीस आणि पालिकेचे सफाई कामगार रात्रभर राबतात. शहरात समन्वय होऊ शकतो, आणि चांगला होऊ शकतो, याचा हा पुरावा आहे. ही शक्ती उरलेल्या वर्षात नळ आणि नाल्यांसाठी का एकवटत नाही, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. एक कारण दिसते. उत्सवात प्रत्येकाला आपले काम ठाऊक असते आणि कुणाला विचारायचे तेही ठाऊक असते. नगरपालिकेच्या कामात सामान्य माणसाला यांतले काहीच ठरवून दिलेले नाही.

कयाधूच्या बाबतीत वेगळा प्रयत्न झाला आहे. कळमनुरी तालुक्यातल्या उमरा येथील उगम ग्रामीण विकास संस्थेने जयाजी पाईकराव यांच्या पुढाकाराने नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम गावागावांत नेले. ओढ्यांवरची जलसंधारणाची कामे, नदीकाठच्या लोकांच्या बैठका असे त्याचे स्वरूप आहे. गावे वरच्या अंगाला पाणी अडवायचे काम करत असताना शहराचे सांडपाणी नदीत येत राहिले तर दोन्ही प्रयत्न एकमेकांना छेद देतात. नदीसाठी शहर आणि गावे यांची एकत्र बैठक घेण्याची कायमची व्यवस्था अजून बसलेली नाही. खरबीच्या बंधाऱ्यातून कयाधूचे पाणी इसापूर धरणाकडे वळवण्याच्या प्रस्तावाला जिल्ह्यातून विरोध झाला तेव्हा नदी एकदम सर्वांच्या तोंडी आली. त्या वादात खालच्या भागातल्या सिंचनाची गरज हा एक पक्ष आणि हिंगोलीच्या हक्काचे पाणी हा दुसरा. शहराच्या सांडपाण्याचा मुद्दा त्यात मागेच राहिला.

ठरवायचे कोणी

तिन्ही नगरपरिषदांची निवडणूक नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली आणि मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. इतर मागास वर्गाच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी दिलेल्या निकालानंतर राज्यातल्या स्थानिक निवडणुका अडकल्या. न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी त्या घेण्याचा आदेश दिला. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत मतदान आणि २१ डिसेंबरला मतमोजणी झाली. मधली सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. औंढा आणि सेनगाव या नगरपंचायतींची निवडणूक मात्र डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ मध्ये उरकली होती. त्यामुळे एकाच जिल्ह्यात लहान दोन संस्थांत लोकनियुक्त सभागृह आणि मोठ्या तीन संस्थांत प्रशासक, अशी स्थिती राहिली.

प्रशासकाच्या काळाविषयी शहरांत दोन प्रकारे बोलले जाते. अधिकारी आणि काही व्यापारी सांगतात की निर्णय लवकर झाले, सभेत अडवाअडवी नव्हती, अतिक्रमणासारखी अप्रिय कामे करता आली. माजी नगरसेवक आणि कार्यकर्ते म्हणतात की गल्लीतला दिवा बंद पडला तर सांगायला माणूस नव्हता, आणि कोणते काम आधी घ्यायचे हे वरून ठरत गेले. पहिल्या बाजूला वेग आहे हे मान्य करावे लागते. पण पाच वर्षांनी निवडणूक हा घटनेचा नियम आहे, आणि वेगाच्या नावाखाली तो बाजूला पडू शकत नाही, हे न्यायालयाच्या आदेशाने स्पष्ट झाले आहे.

नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, हा दुसरा वाद. २००१ मध्ये थेट निवड झाली, २००६ मध्ये ती बदलली, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा बदल आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट. सरकार बदलले की पद्धत बदलते. थेट निवडीने सौदेबाजी थांबते आणि अध्यक्षाला स्थैर्य मिळते, असे तिचे समर्थक म्हणतात. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे आले की ठराव अडतात, असे विरोधक दाखवून देतात. त्यात दोन सदस्यांचा प्रभाग. मतदाराला दोन नगरसेवक मिळतात आणि तक्रार कुणाकडे न्यायची, यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

मला याहून मोठी उणीव दिसते ती सभेच्या अभावाची. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात ग्रामसभा कायद्याने आहे. तिथे सरपंचाला उभे करून हिशेब विचारता येतो. ८५ हजारांच्या शहरात असे एकही व्यासपीठ नाही. घटनेतील प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना आहे, म्हणजे हिंगोली त्यातून बाहेर. राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात केली, ती कागदावर राहिली. ज्या दिवशी सेनगाव आणि औंढा ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्या दिवशी तिथल्या लोकांची ग्रामसभा गेली आणि तिच्या जागी काही आले नाही.

नगरपालिकेत सर्वसाधारण सभा होते, पण ती सदस्यांची. विषयपत्रिका निघते, ठराव होतात, इतिवृत्त लिहिले जाते. ‘आयत्या वेळचे विषय’ हा तिचा एक भाग. तातडीच्या कामासाठी ही सोय आहे, मात्र मोठ्या खर्चाचे विषय त्यातून आले तर सदस्यांनाही ते आधी वाचायला मिळत नाहीत, मग नागरिकांचे काय? माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम कोणी मागितले नाही तरी माहिती जाहीर करायला सांगते. ठराव, निविदा, कामाची मुदत, ठेकेदार, दोषदायित्वाचा कालावधी, ही सगळी माहिती त्यात बसते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये तिचा पाया घातला होता. लहान शहरात ही गोष्ट सोपी असायला हवी, कारण माणसे एकमेकांना ओळखतात. ओळखीमुळेच ती अवघड होते, असेही काही कार्यकर्ते सांगतात. ठेकेदार, नगरसेवक आणि तक्रारदार एकाच नात्यागोत्यात असतात.

पैसा

उत्पन्नाची बाजू मालमत्ता करावर आणि पाणीपट्टीवर उभी आहे. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची, असा नियम. कर वाढवणे कोणत्याही सभागृहाला नको असते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती बसते, ती साचून मूळ करापेक्षा जड होते आणि मग माणूस भरतच नाही. २०२५ मध्ये राज्याने शास्तीत सवलतीची अभय योजना आणली. थकीत पैसा येईल हा तिचा फायदा. वेळेवर भरणाऱ्याला आपण फसलो असे वाटेल, हा तोटा.

भांडवली कामांचा पैसा वरून येतो. अमृत, नगरोत्थान महाअभियान, दलित वस्ती सुधारणा, जिल्हा नियोजन समिती, वित्त आयोग. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. त्यामुळे शहरे मनाप्रमाणे चौक सजवू शकली नाहीत, हे चांगले झाले असे अनेकांना वाटते. स्थानिक निर्णयाला जागा उरली नाही, अशी उलट तक्रारही आहे. ‘निधी खेचून आणला’ ही इथल्या राजकारणातली सर्वांत मोठी शाबासकी. मागास भागात ती समजण्यासारखी आहे. मात्र आणलेल्या निधीतून उभा राहिलेला पंप पुढची वीस वर्षे वीज खातो, त्याला माणूस लागतो, सुटे भाग लागतात, आणि त्यासाठी कोणतीही योजना पैसे देत नाही. पाणीपुरवठ्याची थकलेली वीजबिले हे राज्यातल्या लहान नगरपालिकांचे जुने दुखणे आहे. नव्या योजनेला मंजुरी देताना चालवण्याचा वार्षिक खर्च आणि तो कुठून येणार हे सभेत वाचून दाखवावे, ही मागणी रास्त आहे. तिच्यावर शहरांत अजून गंभीर चर्चा झालेली नाही.

हद्द आणि मोजणी

शहर कागदावर जिथे संपते तिथे ते प्रत्यक्षात संपत नाही. हिंगोलीला लागून असलेली बळसोंड ग्रामपंचायत याचे उदाहरण. नव्या वसाहती, प्लॉट, घरे तिकडे वाढली. तिथली माणसे नोकरी, शाळा, बाजार शहरात करतात, रस्ते शहराचे वापरतात आणि कर ग्रामपंचायतीला भरतात. लिंबाळा मक्त्याकडे औद्योगिक वसाहत आहे. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने बांधकामे वाढत आहेत. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच्याभोवती खानावळी, खोल्या, औषधाची दुकाने येणार.

हद्दवाढीच्या बाजूचे म्हणतात, एकच पाणीयोजना, एकच गटार, एकच विकास आराखडा हवा. ग्रामपंचायतीच्या भागातले रहिवासी विचारतात, कर वाढेल हे नक्की, नळ रोज येईल का? त्यांच्या हातातली ग्रामसभाही जाईल. त्यांच्या शंकेला शहराने आजवरच्या कामातून उत्तर दिलेले नाही.

हा निर्णय लगेच होण्यासारखाही नाही. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठवल्या गेल्या आहेत आणि प्रत्यक्ष लोकसंख्यागणना फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. म्हणजे बळसोंड या मोजणीत गावातच धरले जाईल. तरीही हिंगोली शहराचा आकडा लाखाच्या पुढे जाण्याची शक्यता आहे. तसे झाले तर नगरपरिषद ‘अ’ वर्गात जाईल, पदे वाढतील, मुख्याधिकाऱ्याचा दर्जा वाढेल. त्याच वेळी अमृतसारख्या योजनेत केंद्राचा वाटा निम्म्यावरून एक तृतीयांशावर येतो, आणि उरलेला भाग राज्याने व नगरपालिकेने उचलायचा असतो. पुढची केंद्रीय योजना हाच निकष ठेवते की बदलते, त्यावर शहराची बरीच गणिते अवलंबून राहतील. डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाच्या मुदतीतच हा आकडा हाती येईल, आणि औंढा व सेनगावची पुढची निवडणूकही त्याच सुमारास असेल.